१,७६,६३,१९,०४९ : एका संख्येचा माग

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, व्याख्यानमालेत, मी भास्कराचार्यांवर बोललो. बोलण्याच्या भरात एक विधान केले. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, ‘बीजगणित’ लिहिले. त्यात त्यांनी ६१ या संख्येचे एक कोडे घातले आणि सोडवूनही दाखवले. बरोबर ५०७ वर्षांनी फ्रान्समधल्या फर्माने आपल्या मित्राला तेच कोडे घातले, आणि संख्याही तीच, ६१. “हा योगायोग असूच शकत नाही. आपला ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोहोचला होता,” असे मी ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एक निवृत्त गणित शिक्षक जवळ आले. म्हणाले, “पोहोचला असेलही. पण ६१ च का, हे तुम्ही तपासलंत का? ६० का नाही, ६२ का नाही?”

मी तपासले नव्हते. कुठेतरी वाचले होते, आवडले होते, म्हणून सांगितले होते. परतीच्या एसटीत तो प्रश्न टाळ्यांपेक्षा जास्त वेळ सोबत राहिला.

कोडे ऐकायला अगदी साधे आहे. अशी पूर्ण संख्या सांगा, की तिचा वर्ग करून त्याला ६१ ने गुणले आणि १ मिळवला, तर पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल. भास्कराचार्य हा प्रश्न मित्राला उद्देशून विचारतात. एकाच श्लोकात ६७ आणि ६१ अशा दोन संख्यांसाठी विचारतात. जुन्या परिभाषेत या प्रकाराला ‘वर्गप्रकृती’ म्हणतात. ६१ ही ‘प्रकृती’, शोधायची संख्या ती ‘कनिष्ठ’, शेवटी मिळणाऱ्या वर्गाचे मूळ ते ‘ज्येष्ठ’, आणि जो १ मिळवायचा तो ‘क्षेप’.

आता शेजारी पाहू. प्रकृती ६० असेल तर कनिष्ठ ४: चाराचा वर्ग १६, साठ गुणिले सोळा ९६०, अधिक एक ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. प्रकृती ६२ असेल तर कनिष्ठ ८ आणि ज्येष्ठ ६३. शाळेतल्या मुलालाही चाचपडत सापडतील अशी ही उत्तरे आहेत. मधल्या ६१ ला मात्र सर्वांत लहान कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. बावीस कोटींच्या आत एकही संख्या चालत नाही. एकेक संख्या घेऊन पाहत बसणाऱ्याचा जन्म जाईल, आणि जाता जाता तो म्हणेल की असे उत्तर नाहीच.

त्या पावसाळ्यात मी वही घातली. १ ते १०० मध्ये दहा पूर्ण वर्ग सोडले तर ९० संख्या उरतात. प्रत्येकीचे सर्वांत लहान उत्तर भास्कराचार्यांच्याच रीतीने काढायचे ठरवले. बहुतेक अर्ध्या पानात संपली. ज्येष्ठाने आधीचा उच्चांक कुठे मोडला तेवढेच इथे सांगतो. १३ पाशी ६४९, २९ पाशी ९,८०१, ४६ पाशी २४,३३५, ५३ पाशी ६६,२४९. आणि मग एकदम ६१ पाशी दहा अंकी डोंगर. त्याच्या पुढे शंभरापर्यंत त्याच्या जवळपास फिरकणारी संख्या एकच, ९७; तिचे ज्येष्ठ ६,२८,०९,६३३, म्हणजे तरीही आठच अंक. शंभराच्या आतली सर्वांत अवघड संख्या ६१ आहे. ज्याला हे गणित येते त्याने मित्राची परीक्षा घ्यायला शंभराच्या आतली एक संख्या निवडायची ठरवली, तर तो ६१ वरच बोट ठेवणार, मग तो सह्याद्रीच्या पायथ्याशी बसलेला असो की तुलूझला.

मी तिथे थांबलो नाही, कारण फर्माने १६५७ च्या फेब्रुवारीत फ्रेनिकलला लिहिलेल्या पत्रात ६१ च्या जोडीला दुसरी संख्या दिली आहे: १०९. मित्राला फार त्रास नको म्हणून लहान संख्या देतो, असा खोडकर सूर त्या पत्रात आहे. माझी वही शंभराच्या पुढे नेली, तेव्हा ६१ चा उच्चांक मोडणारी पहिली संख्या नेमकी १०९ निघाली. मधली एकही नाही. १०९ चे ज्येष्ठ पंधरा अंकी आहे: १५,८०,७०,६७,१९,८६,२४९. भास्कराचार्यांच्या श्लोकात मात्र ६१ ची जोडीदार ६७ आहे, आणि तिचे उत्तर तुलनेने गरीब: कनिष्ठ ५,९६७ आणि ज्येष्ठ ४८,८४२. फर्माने कुणाचे कोडे उचलले असते तर ६१ बरोबर ६७ आली असती. त्याने लागोपाठचे दोन उच्चांक उचलले, याचा अर्थ त्याच्यापाशी स्वतःचे कोष्टक होते, माझ्या वहीसारखे. माझे टाळ्यांचे वाक्य त्या पानावर संपले.

संपले, पण सहजासहजी नाही. मध्यंतरी मला एक धागा सापडला होता, आणि तो इतका देखणा होता की सोडवेना. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’चे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात, १६३४-३५ मध्ये झाले. भाषांतरकार अताउल्ला, ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बिबी का मकबरा उभारणारा अताउल्ला तो हाच. मकबरा पाहायला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की त्याच्या वास्तुकाराने तारुण्यात आपल्या मातीतला संस्कृत ग्रंथ फारसीत नेला होता! १६३५ ते १६५७, बावीस वर्षे. सुरतेहून जहाजे जातच होती. कादंबरी लिहायची असती तर मी लिहून टाकली असती. पण या फारसी भाषांतरावरून इंग्रजी पुस्तक झाले ते १८१३ मध्ये, स्ट्रॅचीचे. थेट संस्कृतावरून कोलब्रूकचे झाले ते १८१७ मध्ये. फर्मा १६६५ मध्येच वारला होता. सुंदर धागा आणि पुरावा यांत फरक असतो, आणि माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेर राहून अभ्यास करणाऱ्याला तो स्वतःच्या हाताने करावा लागतो. चूक दाखवायला शेजारच्या खोलीत कुणी बसलेले नसते.

व्हॉट्सॲपवर ‘आपले गणित पळवले’ असा मजकूर दर दिवाळीला फिरतो. तो वाचून मला आता वेगळेच वाईट वाटते. त्यात उत्तर असते, रीत नसते. वास्तविक सारे वैभव रीतीत आहे. ते नीट पाहू. कागद-पेन्सिल घेतलीत तर अधिक मजा येईल.

पायरी पहिली: ६१ च्या जवळचा वर्ग ६४. म्हणून कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, आणि क्षेप ३, कारण ६१ अधिक ३ म्हणजे ६४. आपल्याला हवा आहे क्षेप १, मिळाला आहे ३. आता चक्र फिरवायचे. अशी संख्या निवडायची की तिला कनिष्ठाने गुणून ज्येष्ठ मिळवले तर क्षेपाने निःशेष भाग जाईल, आणि तिचा वर्ग ६१ च्या शक्य तितका जवळ असेल. इथे १, ४, ७, १० या संख्या भागाच्या अटीत बसतात. त्यांत सातचा वर्ग ४९, तो ६१ ला सर्वांत जवळ. सात अधिक आठ पंधरा, भागिले तीन, नवे कनिष्ठ ५. एकोणपन्नास उणे एकसष्ट उणे बारा, भागिले तीन, नवा क्षेप उणे ४. नवे ज्येष्ठ ३९. पडताळा: पाचाचा वर्ग २५, गुणिले ६१ म्हणजे १,५२५, उणे ४ म्हणजे १,५२१, आणि तो ३९ चा वर्ग.

फक्त एक फेरी, आणि क्षेप उणे चारवर आला. चक्र असेच फिरवत राहिले तरी उत्तर मिळते. सुरुवातीची जोडी धरून १४ पायऱ्या लागतात. युरोपात पुढे रूढ झालेल्या वितत अपूर्णांकांच्या रीतीने २२ लागतात. पण भास्कराचार्य उणे चार पाहताच थांबतात आणि पाचशे वर्षांमागच्या ब्रह्मगुप्ताला हाक मारतात.

ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ‘भावना’ सांगितली होती. दोन जोड्या घ्या. एकीचे कनिष्ठ दुसरीच्या ज्येष्ठाशी असा तिरकस गुणाकार करा (याला ‘वज्राभ्यास’ असे झोकदार नाव आहे) आणि बेरीज करा, ते नवे कनिष्ठ. ज्येष्ठांचा गुणाकार अधिक प्रकृती गुणिले कनिष्ठांचा गुणाकार, ते नवे ज्येष्ठ. क्षेपांचा आपोआप गुणाकार होतो. म्हणजे क्षेप उणे एक असलेली जोडी स्वतःशीच जुळवली की क्षेप एक. याच ब्रह्मगुप्ताने ९२ प्रकृतीचे कोडे घालून, वर्षभरात जो सोडवील तो खरा गणिती असे म्हटले होते. उत्तर कनिष्ठ १२०, ज्येष्ठ १,१५१.

तर उणे चार क्षेपाची ५ आणि ३९ ही जोडी. निम्मी केली: कनिष्ठ ५/२, ज्येष्ठ ३९/२, क्षेप उणे १. स्वतःशी जुळवली: कनिष्ठ १९५/२, ज्येष्ठ १५२३/२, क्षेप १. क्षेप हवा तो आला, पण अपूर्णांक राहिला. ही जोडी पुन्हा पहिलीशी जुळवली: कनिष्ठ ३,८०५, ज्येष्ठ २९,७१८, क्षेप उणे १. अपूर्णांक विरघळला. आता तिला एकदा स्वतःशी जुळवायचे, की २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ समोर उभे. ‘बीजगणिता’त उत्तर याच वाटेने दिले आहे. एक फेरी आणि तीन भावना. एका पाटीवर मावणारे काम.

पडताळा घ्यायला मी कॅल्क्युलेटर काढला, तर त्याने हात वर केले. ज्येष्ठाचा वर्ग एकोणीस अंकी आहे: ३११९८८२९८२८६०२६४४०१. हाताने दोनदा केला, दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लक्षात आले की एवढ्या गुणाकाराची गरजच नाही. शेवटच्या भावनेत २९,७१८ चा वर्ग ८८,३१,५९,५२४ येतो, आणि ३,८०५ च्या वर्गाला ६१ ने गुणून ८८,३१,५९,५२५. लागोपाठच्या दोन संख्या. त्यांची बेरीज म्हणजेच आपले ज्येष्ठ. म्हणून ज्येष्ठातून एक वजा केला तर २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट, आणि एक मिळवला तर ३,८०५ च्या वर्गाची १२२ पट. या दोन शेजाऱ्यांचा गुणाकार ज्येष्ठाच्या वर्गापेक्षा एकाने कमी असतो, आणि तो ६१ गुणिले कनिष्ठाचा वर्ग आहे हे नुसते पाहून कळते. डाव्या-उजव्या शेजाऱ्यांनी साक्ष दिली की मधल्याची उलटतपासणी नको.

मग मला या संख्येच्या पोटात काय आहे ते पाहायची हाव सुटली. कनिष्ठाचे अवयव पाडणे सोपे होते: ४, ९, ५, १३, १२७ आणि ७६१ यांचा तो गुणाकार. ज्येष्ठ हट्टी निघाले. ते २, ३, ५, ७ कुणालाच दाद देईना. अकराने दिली. मग बरेच दिवस काही नाही, आणि ५९. उरली २७,२१,६०१. तिच्याशी झगडताना एका रात्री, केवळ कंटाळून, मागच्या पानावरची १,५२३ ही संख्या लावून पाहिली. भाग गेला. बाकी शून्य, भागाकार १,७८७. म्हणजे

१७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७

आणि चारही मूळ संख्या. अपूर्णांकातल्या त्या मधल्या पायरीचा १,५२३ उत्तराच्या आत तसाच बसलेला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. मला वाटले, हाच तो शिक्का! संख्या स्वतःच सांगते आहे की ती कोणत्या वाटेने आली. सकाळी चहा घेताना शिक्षकांचा आवाज आठवला: तपासलंत का? तपासले. १५२३/२ ची जोडी स्वतःशी तीनदा जुळवली तरी हीच अंतिम जोडी येते, आणि तशा तिहेरी भावनेत मूळ ज्येष्ठ हे नव्या ज्येष्ठाचा अवयव असणारच. १,५२३ चा वर्ग उणे ३, गुणिले १,५२३, आणि निम्मे करा: तंतोतंत १,७६,६३,१९,०४९. पण सर्वांत लहान उत्तर कोणत्याही वाटेने गेले तरी हेच येणार, फर्मानेही हेच काढले असणार, आणि त्याच्याही उत्तराच्या पोटात १,५२३ असणार. तो शिक्का भास्कराचार्यांचा नाही, ६१ चा आहे. दुसऱ्यांदा मी एका देखण्या पुराव्यापासून हात मागे घेतला. या वेळी त्रास कमी झाला.

श्रेय कुणाचे, हा प्रश्न तरी उरतोच. भास्कराचार्य स्वतः याबाबत आपल्याहून स्वच्छ होते. ही रीत सांगताना ते ‘हिला चक्रवाल म्हणतात’ असे अनेकवचनी क्रियापद वापरतात, ‘मी म्हणतो’ असे नाही. ग्रंथाच्या शेवटी ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांची नावे घेऊन आपण त्यांच्या विस्तृत ग्रंथांचे सार काढले असे सांगतात. त्यांच्या त्या अनेकवचनाचा खुलासा व्हायला १९५४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकराच्या १०७३ मधल्या ‘सुंदरी’ या टीकेतून जयदेव नावाच्या गणितज्ञाचे श्लोक प्रकाशात आणले. त्यांत चक्रवाल पूर्णपणे आहे. भास्कराचार्यांच्या जन्मापूर्वी निदान चाळीस वर्षे. हा जयदेव ‘गीतगोविंद’कार नव्हे. त्याचे दुसरे काही आपल्या हाती नाही, दुसऱ्याच्या टीकेत अडकलेले वीस श्लोक तेवढे.

पश्चिमेकडे तर श्रेयाचा याहून मोठा घोळ झाला. फर्माच्या आव्हानाला इंग्लंडातून लॉर्ड ब्रौंकरने उत्तर दिले. ३१३ या प्रकृतीचे सतरा अंकी ज्येष्ठ त्याने तासा-दोन तासांत काढले. ऑयलरने पुढे चुकून ते श्रेय जॉन पेलला दिले, आणि आजही जगभर या समीकरणाला पेलचे नाव आहे. हे उत्तर प्रत्येक प्रकृतीला असतेच, हे पहिल्यांदा सिद्ध केले लाग्रांजने, १७६८ च्या सुमारास. जर्मन इतिहासकार हांकेलने १८७४ मध्ये लिहिले, की लाग्रांजच्या आधी संख्याशास्त्रात झालेले सर्वांत उत्तम काम हे चक्रवाल आहे. आपण हे वाक्य उचलून धरतो. पण लाग्रांजने केले ते आपल्या ग्रंथांत नाही, हे आपण चटकन सांगत नाही. चक्र नेहमी थांबते हे भास्कराचार्यांना अनुभवाने माहीत होते. चक्र थांबतेच याची सिद्धता आपल्याकडे १९२९-३० मध्ये ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. ते म्हैसूरला प्राध्यापक होते, आणि कवी ए. के. रामानुजन त्यांचे चिरंजीव. आठशे वर्षांनी का होईना, उरलेले काम इथल्याच माणसाने पुरे केले याचा मला पळवापळवीच्या कथेपेक्षा जास्त आनंद होतो.

आता पाटणविषयी थोडे. भास्कराचार्य आपले गाव विज्जलवीड असे सांगतात, सह्याद्रीच्या आश्रयाचे. ते नेमके कुठले, यावर वाद आहेत आणि मी त्यांत पडत नाही. पण चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख पक्का आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये जगापुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. त्याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, आणि त्याला १२०७ मध्ये निकुंभ सामंतांनी दान दिले. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळींत भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते, कारण तिथून पुढचे बाजारातल्या माणसांना कळायला हवे होते. ग्राहकाकडून पाच पोफळी. गावात जितके घाणे चालतात, तितक्यांमागे पळी पळी तेल.

ग्रहगणिताला बीजगणित लागतेच, तेव्हा त्या मठात ६१ चे कोडे कुणीतरी पाटीवर सोडवले असेल असे मी धरून चालतो. रात्री सोडवले असेल तर दिव्यात त्या घाण्यांचे तेल असेल. हा मात्र पुरावा नाही, एवढी सूट मी स्वतःला देतो.

गेल्या वर्षी सगळी कोष्टके उतरवून त्या शिक्षकांना पाठवली. व्याख्यानातले विधान मागे घेतो, असेही लिहिले. महिनाभराने पोस्टकार्ड आले. मजकूर थोडा, अक्षर अजून फळ्यावरच्यासारखे. “१०९ करून पाहिले. १ आणि १०, क्षेप उणे ९ पासून सुरुवात. २ आणि २१, क्षेप ५. ९ आणि ९४, क्षेप ७. २५ आणि २६१, क्षेप उणे ४. तीन फेऱ्या. पुढे तुमच्यासारखेच. तुमच्या १५२३ च्या जागी माझ्याकडे ६८१२३ आहे. पंधरा अंकी उत्तराला त्याने भागून पाहिले, निःशेष भाग जातो. १८१ घेतले आहे, दिवाळीपर्यंत व्हावे.”